हरलेल्यांना पत्रं लिहिणारे काका

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. दुसऱ्या कुणाची हरकत नाही, माझीच आहे. ज्या माणसाचं नाव मी एका बंद खोलीत, एका वाक्यात धुळीला मिळवलं, ते आता कागदावर मिरवायचं, हे मला जमणार नाही. ऑफिसात सगळे त्यांना अंकल म्हणायचे. पहिल्या दिवशी मीही म्हटलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मराठी ना तू? मग काका म्हण. अंकल म्हटलं की वाटतं कोणीतरी बसायला जागा मागतंय." म्हणून काका. मला ते बाय म्हणायचे. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत पोरीबाळींना म्हणतात तसं.

अबू धाबीजवळ मुसाफाला आमचं ऑफिस आणि वर्कशॉप होतं. गोदामांचे, कारखान्यांचे लोखंडी सांगाडे आम्ही बनवायचो. मी तिथे डिझाइन इंजिनिअर आणि काका डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे ड्रॉइंगचा प्रत्येक कागद त्यांच्या काउंटरवरून आत येणार आणि त्यांच्याच काउंटरवरून बाहेर जाणार. एखादं ड्रॉइंग बदललं की नवी प्रत रजिस्टरात चढवायची आणि जुन्या प्रतीवर लाल शिक्का मारायचा, की ही आता रद्द. शिक्का नसलेला कागद म्हणजे चालू कागद, वर्कशॉपने डोळे मिटून त्याप्रमाणे लोखंड कापायचं. बावीस वर्षं काकांनी हे केलं आणि बावीस वर्षांत एक कागद चुकीचा गेला नाही. हे ते स्वतःच सांगायचे, न विचारता सांगायचे, आणि दर वेळी सांगताना टेबलाचं लाकूड शोधायचे हात लावायला. टेबल सनमायकाचं होतं, मग दाराच्या चौकटीपर्यंत जाऊन यायचे.

पण काकांची खरी ओळख मार्च महिन्यात व्हायची. अमेरिकेत दर वर्षी मार्चमध्ये कॉलेजांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा असते. चौसष्ट कॉलेजं, आणि एक मॅच हरलात की खलास, सामान बांधा. काका आयुष्यात अमेरिकेला गेले नव्हते. तिथलं त्यांचं कोणी नव्हतं. अबू धाबीतल्या पहिल्या नोकरीत एक अमेरिकन साहेब होता, त्याने हा नाद लावला आणि तो रिटायर होऊन गेला. नाद मागे राहिला.

"तिथल्या प्रोफेशनल लोकांची ती सात-सात मॅचची सिरीज म्हणजे काय बाय, सरकारी चौकशी. आज हरले, उद्या बघू. इथे तसं नाही. आपला व्हिसा असतो तसं. कॅन्सल झाला की संध्याकाळच्या विमानात."

बाकीचे लोक ह्या स्पर्धेचा तक्ता करतात तो जिंकणाऱ्यांचा. कोण पुढच्या फेरीत गेलं ते लिहीत लिहीत शेवटी एक नाव उरतं. काकांचा तक्ता हरणाऱ्यांचा असायचा. प्लॉटरवर वाया गेलेल्या मोठ्या ड्रॉइंगच्या पाठीवर पेन्सिलीने त्रेसष्ट चौकोन आखायचे आणि जो हरेल त्याचं नाव भरायचं. विजेत्याला त्या कागदावर जागाच नव्हती. "त्याला काय करायचीय जागा? त्याला सगळं जग आहे."

आणि मग पत्रं. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावते, पण मी डोळ्यांनी बघितलंय. हरलेल्या प्रत्येक संघाच्या कोचला काका ईमेल करायचे. रोज ऑफिस सुटल्यावर, स्वतःच्या ईमेलवरून, अगदी ड्रॉइंगसोबत जाणाऱ्या आमच्या ट्रान्समिटल पत्राच्या थाटात. वर संदर्भ क्रमांक. मग विषय: आपला कालचा पराभव. मग मजकूर, की महोदय, सेकंड हाफमध्ये आपण लावलेला झोन डिफेन्स योग्यच होता, निकालावरून तो चूक ठरला असा अर्थ कृपया काढू नये, आपल्या सहा नंबरच्या मुलास नमस्कार सांगावा, कळावे. त्रेसष्ट पराभव, त्रेसष्ट पत्रं. मुख्य स्पर्धेच्या आधी चार मॅच असतात, त्यांना मात्र पत्र नाही. "ती वेटिंग लिस्ट झाली. तेवढा वेळ नसतो मला."

इतक्या वर्षांत उत्तर एकच आलं. कुठल्याशा छोट्या गावातल्या कॉलेजच्या असिस्टंट कोचने लिहिलं होतं, की तुम्ही कोण ते आम्हाला कळलं नाही, पण परतीच्या बसमध्ये मी हे पोरांना वाचून दाखवलं. काकांनी ते प्रिंट केलं, त्यावर आवक शिक्का मारला, तारीख घातली आणि फाइल केलं. नंतर दोन दिवस ते कुणालाही विनाकारण चहा पाजत होते.

मी एकदा चेष्टेनेच विचारलं, "काका, ह्यांच्याशी तुमचं काय नातं हो?"

तेव्हा कळलं. काका स्वतः कॉलेजात खेळायचे. आंतरविद्यापीठ स्पर्धेला नागपूरला गेले होते. पहिलीच मॅच, शेवटची काही सेकंद, एका गुणाने मागे, आणि काकांना दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही रिंगला लागून बाहेर. "आमचे सर नागपूरपासून दादरपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पोरं पत्ते खेळत होती, मला कुणी पत्ते वाटले नाहीत. घरी बाबांनी पेपरात वाचलं होतं, तेही गप्प. हरल्यावर कोणीतरी दोन शब्द बोलायला पाहिजेत गं. नाहीतर माणूस जन्मभर तिथेच उभा राहतो." एवढं बोलून त्यांनी कागदाचा बोळा केला आणि कोपऱ्यातल्या टोपलीत नेमका टाकला. नेम अजून उत्तम होता.

आम्ही दोघंही मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचो. मी नवरा आणि मुलीबरोबर फ्लॅटमध्ये, ते एका व्हिलातल्या पार्टिशनच्या खोलीत एकटे. काकी वसईला, लग्न झालेली मुलगी दुबईला, करामा भागात. त्यामुळे सकाळी ऑफिसला ते माझ्याच गाडीतून यायचे. पंधरा मिनिटांत मला सगळी अमेरिका ऐकावी लागायची. आम्ही सगळे कुठल्याही वस्तूची किंमत दिरहममध्ये ऐकली की तोंडातल्या तोंडात रुपये करायचो. काका वेळेचं तसं करायचे. मी म्हणायची, "दोन वाजता मीटिंग आहे," की मागच्या सीटवरून यायचं, "म्हणजे ओहायोत सकाळचे सहा." कधीकधी इतका वैताग यायचा की वाटायचं सांगावं, काका, आज जरा गप्प बसा. आता गाडीत शांतता असते, आणि ती मला सोसत नाही.

त्या वर्षी रमजान मार्चमध्येच आला होता. ऑफिसचे तास कमी, मुलीची शाळाही लवकर सुटायची, पण कामं तेवढीच. त्यात आमच्या घरात वेगळंच चाललं होतं. नवऱ्याची कंपनी गाशा गुंडाळत होती, त्याचा व्हिसा संपला आणि तो माझ्या व्हिसावर आला. मुलगीही माझ्याच. म्हणजे आम्हा तिघांचं ह्या देशातलं राहणं माझ्या एकटीच्या नोकरीला टांगलेलं. आणि मला आधीच एक लेखी वॉर्निंग मिळालेली होती, एका हिशेबातल्या चुकीबद्दल. प्रोजेक्ट मॅनेजर लेबनानी, एरवी फार गोड माणूस, सगळ्यांना हबीबी म्हणणारा. पण त्याने ते वॉर्निंगचं पत्र देताना हबीबी म्हटलं नव्हतं.

पहिल्या फेरीतली एक मॅच आपल्याकडे पहाटे होती. कुणी नाव न ऐकलेल्या चिमुकल्या कॉलेजने एका बलाढ्य कॉलेजला घरी पाठवलं. काका चारला उठून बसले होते. सकाळी गाडीत शिरले ते लाल डोळ्यांनी, आणि असे खूश की सीटबेल्ट लावायचा राहिला. ऑफिसात पोचल्यावर त्यांनी सिक्युरिटीला सांगितलं, अकाउंट्सला सांगितलं, प्रोजेक्ट मॅनेजरला कॉरिडॉरमध्ये अडवून शेवटची बास्केट कशी पडली ते उडी मारून दाखवलं. साठीचा माणूस! सगळे हसले. मीही हसले. काका चारला उठले होते हे त्या दिवशी बिल्डिंगमध्ये माहीत नाही असा माणूस उरला नाही.

दहा-साडेदहाला मला एका ड्रॉइंगची प्रत वर्कशॉपला द्यायची होती. शाळेतून फोन येऊन गेला होता, मुलीला घ्यायला कोण येणार म्हणून. मी घाईत काउंटरवर गेले. काका जागेवर नव्हते. ते उठून कुठे गेले की काउंटरवर आडवी लाकडी पट्टी ठेवायचे. पट्टी असली की कागदाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि मॅनेजरसुद्धा तो पाळायचा. मी पट्टी बाजूला केली. ट्रेमध्ये मला हवं तेच ड्रॉइंग एकटं पडलेलं होतं. शिक्का नव्हता, म्हणजे चालू. रजिस्टरमध्ये सही करायला पेन सापडेना. म्हटलं, येते परत आणि करते. पट्टी पुन्हा होती तशी ठेवली, कागद फोरमनच्या हातात दिला आणि शाळेकडे सुटले. परत कसली येते!

त्या ड्रॉइंगची नवी प्रत त्याच सकाळी आली होती. काकांनी ती रजिस्टरात चढवली होती, जुनीवर शिक्का मारणार, तेवढ्यात डोळे चुरचुरले म्हणून तोंड धुवायला गेले होते. पाच मिनिटं. मी उचलली ती जुनी.

पुढच्या आठवड्यात साइटवरून बोंब आली. एक संपूर्ण लॉट, सगळ्या तुळयांची बोल्टची भोकं जुन्या जागी. एकही बसेना. सगळं लोखंड भंगारात, आणि क्लायंटचा माणूस आमच्या डोक्यावर.

मॅनेजरने मला बोलावलं. खोलीत तो, एचआरची बाई आणि भिंतीला टेकून उभे असलेले काका. टेबलावर तो कागद, बिनशिक्क्याचा. मॅनेजरने मला विचारलं, हा तुला कोणी दिला? एवढंच. प्रश्न साधा होता. खरं उत्तरही साधं होतं, की कोणी नाही, मीच पट्टी सरकवून उचलला. मला आठवतंय, माझ्या डोळ्यांसमोर काकांचा चेहरा नव्हताच. माझी मुलगी होती आणि विमानतळ होता.

मी म्हटलं, "काकांनी दिला."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. इतकं सोपं असतं ते. घाम नाही, कापरं नाही, काही नाही.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता संपलं. ते म्हणणार, खोटं आहे, मी जागेवर नव्हतो. पण त्यांच्या नजरेत राग नव्हता. ते आठवत होते. अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून आठवत होते. मग हळूच म्हणाले, "ती म्हणते म्हणजे दिला असेन. ती कशाला खोटं बोलेल? मी चारला उठलो होतो, सर. झोपेत असेन."

मॅनेजरने मान हलवली. त्याला ते पटायला वेळ लागला नाही. उडी त्याच्यासमोरच मारली होती ना.

मी तेव्हा तोंड उघडू शकत होते. पुढचा पूर्ण आठवडा उघडू शकत होते. काकांना काढलं, पण त्यांचा चार्ज दुसऱ्याकडे द्यायला तेवढा वेळ लागला, आणि तो आठवडाभर ते रोज माझ्याच गाडीतून येत होते. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मागून म्हणाले, "बाय, सॉरी हं. माझ्यामुळे तुला वर जाऊन साक्षीला उभं राहावं लागलं." मी आरशात बघितलं नाही. म्हटलं, "असू दे काका." असू दे! जणू मीच त्यांना माफ करत होते. लाज वाटते हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकलाय, बस चुकली तरी म्हणतो. मला त्या दिवशी ती खरी म्हणजे काय ते कळलं, आणि कळूनही मी सिग्नल हिरवा झाल्यावर गाडी पुढे नेली.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "झालं ते झालं. आता बोललीस तर ते परत येणार नाहीत, आपण मात्र जाऊ." त्याला तरी कशाला दोष देऊ? मला तेच ऐकायचं होतं म्हणून तर मी त्याला सांगितलं. मुलीने मात्र आठवडाभर पिच्छा पुरवला. "बट व्हाय इज ही लीव्हिंग, मम्मा?" मी म्हटलं, गावी जातायत. "डिड ही डू समथिंग बॅड?" मी तिला होमवर्क करायला बसवलं.

शेवटच्या दिवशी काकांनी काउंटर ओल्या फडक्याने पुसला. नव्या माणसाला सगळं समजावलं आणि शेवटी त्याला म्हणाले, "एकच लक्षात ठेव, जागरण करू नकोस. माझी बावीस वर्षं एका पहाटेत गेली." त्या वर्षीचा तक्ता अपुराच राहिला होता, तो त्यांनी गुंडाळून कचऱ्यात टाकला. फायनल त्यांनी बघितली नाही. कोण जिंकलं ते मलाही माहीत नाही, मी कधी शोधलंही नाही. वसईला गेल्यावर ते दर नाताळला मेसेज पाठवायचे. मी हात जोडल्याचं चित्र पाठवायची. त्रेसष्ट अनोळखी माणसांना धीर देणारा हा माणूस हरून घरी गेला, आणि मी त्याला दोन ओळी लिहिल्या नाहीत.

त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. ती नोकरी मी वर्षभरातच सोडली. नवऱ्याला काम मिळालं, म्हणजे भ्यायचं कारणही संपलं. तरी बोलले नाही. भीती हे निमित्त होतं, हे तेव्हा कळलं. ह्या मार्चमध्ये त्यांचा मेसेज आला, की आम्ही दोघं मुलीकडे करामात आलोय महिनाभर, वेळ असेल तर ये. मी दोन आठवडे वेळ नसल्याचं सोंग केलं. मग एका शुक्रवारी दुपारी एकटीच निघाले. शेख झायद रोडवर सगळं वाक्य घोकत गेले, परीक्षेला जातात तशी.

दार काकांनीच उघडलं. वाळले होते. "आली, आली! अगं, ही आमची बाय, हिच्याच गाडीतून जायचो मी!" काकींनी चहा ठेवला. टीव्हीवर बातम्या होत्या. मी विचारलं, मॅच सुरू झाल्या असतील ना? काका म्हणाले, "सोडलं ते. दोष खेळाचा नाही, माझा. मला झेपत नव्हतं ते कळलं नाही."

ते चहात साखर घालून ढवळत बसले आणि एकदम काकींना म्हणाले, "मी साखर घातली ना?"

"घातलीत."

"बघितलंस तू?"

"बघितलं मी." काकी माझ्याकडे वळल्या. "हे असं चाललंय. गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, सगळं मला विचारतात. स्वतःच्या हातांवर भरवसाच नाही राहिला. परवा चर्चमध्ये दान टाकलं की नाही म्हणून परत गेले. मी दोन डॉक्टर केले. म्हातारपण आहे म्हणतात."

काका ओशाळं हसले. "ते ड्रॉइंग मला अजून सुटत नाही, बाय. मला आठवतं की मी तोंड धुऊन आलो आणि ट्रे रिकामा होता. शपथेवर आठवतं. म्हटलं, शिक्का मारून आत ठेवला असणार मीच. पण तुला दिला ते काही केल्या आठवत नाही. आता तुला दिलेलं मला आठवत नाही, म्हणजे बघ ना, डोकं किती गेलं असेल."

घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही मला तो दिलाच नाही. तुम्ही जागेवर नव्हता. पट्टी सरकवून मीच उचलला, आणि तिथे खोटं बोलले."

मी खाली मान घालून बसले होते. त्यांनी ओरडावं, कप फेकावा, चालतं व्हायला सांगावं, मी सगळ्याला तयार होते.

"म्हणजे ट्रे खरंच रिकामा होता?" काकांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे मी झोपेत नव्हतो?"

"नाही काका."

काका उभे राहिले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "ऐकलंस काय गं? मी जागा होतो! ट्रे रिकामा होता! मी सांगत नव्हतो तुला?" ते हसत होते, डोळे पुसत होते, खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत होते. आणि मग, देवा, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "थँक यू, बाय. थँक यू."

काकी हसल्या नाहीत. त्या माझ्यासमोरचा भरलेला कप उचलून आत घेऊन गेल्या आणि परत येऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. आवाज अजिबात चढला नाही त्यांचा.

"तीन वर्षं हे मला रोज सांगत होते, ट्रे रिकामा होता म्हणून," त्या म्हणाल्या. "आणि रोज मी ह्यांना म्हटलं, गप्प बसा, तुम्हाला काही आठवत नाही."